ओरानचा प्लेग आणि वेशीबाहेरचा रोगी

आल्बेर काम्यूची ‘प्लेग’ ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ती मानवी अस्तित्वाची महान कहाणी म्हणून वाचली आणि शिकवली जाते. आपल्याकडच्या प्रस्थापित समीक्षेलाही तिच्यात ‘वैश्विक माणूस’ दिसला. मी ही कादंबरी वर्गात शिकवतो, आणि माझा प्रश्न साधा आहे : हा वैश्विक माणूस राहतो कुठल्या वस्तीत?

कादंबरी घडते ओरान शहरात. ओरान अल्जीरियात आहे आणि अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. शहरात युरोपीयांची वस्ती मोठी होती हे खरे. पण अरबही हजारोंनी राहत होते. कादंबरीत माणसे पटापट मरतात, पण नावानिशी येणारा एकही अरब तीत नाही. डॉक्टर, पाद्री, कारकून, न्यायाधीश सगळे युरोपीय. अरबांची ही गैरहजेरी कॉनर क्रूझ ओब्रायन या आयरिश लेखकाने १९७० सालीच दाखवून दिली होती. मला तिच्याकडे आपल्या बाजूने पाहायचे आहे.

सुरुवातीलाच रांबेर नावाचा पत्रकार पॅरिसच्या वृत्तपत्रासाठी ओरानला आलेला आहे. अरबांची राहणी आणि आरोग्य यांची माहिती त्याला हवी आहे. डॉ. रिये विचारतो, संपूर्ण सत्य छापता येईल काय? रांबेर म्हणतो, संपूर्ण नाही. मग रिये माहिती द्यायचे नाकारतो. वरवर पाहता ही सत्यनिष्ठा आहे. पण तिचा परिणाम काय? अरबांच्या आरोग्याचा प्रश्न तिथेच मिटतो. नंतर प्लेग येतो, आणि त्या वस्तीत किती मेले हे शेवटपर्यंत कळत नाही. अर्धे सत्य नको म्हणून सबंध मौन! हे मौन आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

काम्यूला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. काबिली प्रदेशातल्या उपासमारीवर त्याने जून १९३९ मध्ये स्वतः लेखमाला लिहिली होती. बाप १९१४ साली लढाईत गेलेला, आई लोकांकडे घरकाम करणारी, निरक्षर. सतराव्या वर्षी त्याला क्षय झाला आणि त्यापायी सरकारी अध्यापक होण्याची वाट बंद झाली. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी आहे. असा लेखक मला परका वाटत नाही. म्हणूनच माझी त्याच्याकडून अपेक्षाही मोठी आहे.

गरीब-श्रीमंत भेद त्याला दिसतो. साथीत श्रीमंतांना फारसे काही कमी पडत नाही आणि गरिबांचे हाल होतात, असे तो स्वच्छ लिहितो. पण ज्याच्या जमिनीवर हे शहर उभे आहे, तो त्या गरिबांतही मोजला जात नाही. आपल्याकडे वर्ग दिसतो पण जात दिसत नाही, असे पुरोगामी विचारवंत कमी आहेत काय? कुणी म्हणेल, हे जर्मनव्याप्त फ्रान्सचे रूपक आहे, त्यात अरब कशाला? पण रूपकालाही जमीन लागते. इथे जमीन अल्जीरियाची, आणि तिथे व्यापणारा फ्रेंचच होता.

मराठी स्मृतीचे तरी काय? १८९७ चा प्लेग म्हणजे रँड आणि चापेकर, एवढेच आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत हडपसरजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले होते. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या मुलाला नाव आहे, वाडा आहे, गाव आहे. ओरानच्या अरबाला यातले काहीच मिळाले नाही.

हा वाद केवळ साहित्याचा नाही. २०२० साली कोविडच्या काळात ही कादंबरी पुन्हा जगभर खपली. विषाणू भेद करत नाही, असे तेव्हा सगळे म्हणत होते. विषाणू करत नसेल; लस करत होती. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे मागणी ठेवली की साथ असेपर्यंत लसी व औषधांवरचे पेटंटहक्क स्थगित करावेत. श्रीमंत देशांनी ती रोखून धरली. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तो लसींपुरता आणि तोकडा. दरम्यान, २०२१ अखेर सर्वांत गरीब देशांत लसीची एक तरी मात्रा मिळालेले लोक शंभरात दहाही नव्हते.

रोगाचा नकाशा हवामान एकटे काढत नाही. पाणी कुणाच्या ताब्यात, जागा कुणाला, औषधाचा हक्क कुणाकडे, यावर त्याच्या रेषा ठरतात. ‘रोग सर्वांचा’ या भाषेत त्या रेषा पुसल्या जातात. आणि पुसणाऱ्याला मानवतावादी म्हणतात.

विद्यार्थ्यांनी ‘प्लेग’ जरूर वाचावी. ती मोठी कादंबरी आहे. पण वाचताना रांबेरचा अपुरा राहिलेला प्रश्न हातात धरावा. आपल्या वस्त्यांत कॉलरा आला, क्षय आला, कोविड आला. तिथे कोण गेले, त्यांची नावे काय, दवाखाना किती दूर होता, हे लिहिण्यासाठी संपूर्ण सत्य छापण्याच्या परवानगीची वाट पाहू नये. जेवढे माहीत आहे तेवढे लिहावे, आणि नावानिशी लिहावे.