धनुष्याला घाम येतो

हात आडवा पसरायचा आणि पंजापासून पलीकडच्या कमरेपर्यंतचं अंतर घ्यायचं. इशीच्या धनुष्याची लांबी तेवढी. डॉक्टर सॅक्स्टन पोपने पट्टी लावून पाहिली तेव्हा ती 42 इंच भरली. पोपच्या ‘याही आर्चरी’ या 1918 सालच्या निबंधात ही दोन्ही मापं येतात, आणि मला तो निबंध आवडायला लागला तो तिथेच. इंचाचं माप कुणालाही वापरता येतं. हाताचं माप घ्यायला तो माणूसच समोर लागतो.

इशीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. उत्तर कॅलिफोर्नियात लासेन शिखराच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डियर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत याही लोक राहत. सोन्यामागे आलेल्या गोऱ्यांनी त्यांच्या कत्तली केल्या. उरलेले मूठभर लोक चाळीसेक वर्षं लपून जगले. 1911 च्या ऑगस्टमध्ये त्यांतला शेवटचा माणूस ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्यापाशी उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत सापडला. स्वतःचं नाव स्वतः उच्चारायची त्याच्या लोकांत रीत नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबरने मग त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली; त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं, आणि तिथे पोप शस्त्रक्रिया शिकवत असे. डॉक्टर आणि रोगी म्हणून सुरू झालेली ओळख तीरकामठ्यापाशी येऊन दोस्तीत बदलली.

निबंधाचा ढंग सर्जनचा आहे. रुंदी कुठे किती, जाडी किती, आडवा छेद कसा दिसतो, सगळं क्रमाने येतं. मधल्या मुठीपाशी धनुष्य अरुंद आणि जाड. तिथून दोन्ही बाजूंना ते पसरत जातं, प्रत्येक बाहूच्या मध्यावर दोनेक इंच रुंद आणि अर्धा इंच जाड होतं, आणि टोकांकडे पुन्हा निमुळतं होत किंचित मागे वळतं. विशेषण जवळपास नाही. कोरडं वाटेल असं हे लिखाण, पण दोनदा वाचलं की लक्षात येतं की या माणसाने ते धनुष्य हातात घेऊन, बोटांनी चाचपून मग लिहिलं आहे. आपल्याकडे वस्तूंवर लिहिताना आपण फार लवकर ‘परंपरा’ आणि ‘वारसा’ या शब्दांवर जातो. पोप अर्ध्या इंचावर थांबतो, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

आता लाकूड. संग्रहालयात असताना इशीने हाती येईल त्या नाना लाकडांची धनुष्यं केली. 1914 साली पोप, क्रोबर वगैरे मंडळी त्याला घेऊन त्याच्या जुन्या मुलखात गेली, आणि तिथे फिरताना पोपला उमगलं की याहींच्या लेखी खरं धनुष्य डोंगरातल्या जुनिपरचं. इंग्रजी धनुर्विद्येची पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे लाकूड बुचकळ्यात टाकणारंच. इंग्रजांचं धनुष्य यू या झाडाचं, माणसाच्या उंचीचं, सरळ रेषेच्या लाकडातून काढलेलं. जुनिपर हे डोंगरावरचं गाठाळ, वाकडंतिकडं, हलकं लाकूड. ताणलं तर चटकन मोडेल असं.

ताणलं तर मोडेल म्हणजे नेमकं काय, हे समजायला लहानपणी मोडलेलं एखादं धनुष्य आठवावं. आम्ही मुलं दसऱ्याच्या आसपास बांबूच्या कामठीला सुतळी बांधायचो. ती बिचारी सगळं सोसायची. एकदा कामठी मिळाली नाही म्हणून गुलमोहराची फांदी वाकवली. मी बारकाईने बघत होतो, म्हणून आठवतंय: बाहेरच्या बाजूने, म्हणजे नेमबाजाकडे पाठ असते त्या बाजूने, आधी एक बारीक कुसळ उभं राहिलं. मग दुसरं. मग काडकन आवाज, आणि फांदीचा एक तुकडा माझ्या कानावर. धनुष्याच्या पाठीवर ओढ असते आणि पोटाच्या बाजूला दाब. काही लाकडं दाब बऱ्यापैकी सोसतात, ओढ सोसताना मार खातात. अनोळखी लाकूड हाती आलं की कारागिराला पडणारा पहिला प्रश्न हाच: याला दोन्ही कामं झेपतील का, की एकच?

जुनिपरला एकच झेपतं. इशीला ते माहीत होतं, म्हणून दुसरं काम त्याने हरणाकडून करवून घेतलं. निबंधातला हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे. फांदी फोडून सालीखालचे बाहेरचे थर घ्यायचे, त्यातलं पांढरं कच्चं लाकूडसुद्धा टाकायचं नाही. खरवडून आणि वाळूच्या दगडावर घासून आकार द्यायचा. तापल्या दगडावर टोकं मागे वाकवायची, दुसऱ्या लाकडाला बांधून ती तशीच धरायची आणि अंधाऱ्या कोरड्या जागी वाळत ठेवायचं, काही महिने किंवा काही वर्षं. मग सामन माशाची कातडी उकळून सरस करायचा. खरखरीत केलेल्या पाठीवर तो लावायचा. हरणाच्या पायाच्या शिरा, डॉक्टरी मराठीत ज्यांना कंडरा म्हणतात त्या, चावून चावून मऊ करायच्या, धागे सुटे करायचे आणि टोकावर टोक येईल असे एकेक करून पाठभर चिकटवायचे. वर वाळुंजासारख्या झाडाच्या सालीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या. वाळल्यावर त्या सोडायच्या. इथे सर्जनच्या नजरेला त्या पट्ट्यांत मलमपट्टी दिसते, आणि मला वाटतं, पानभर कोरडं वर्णन करणारा डॉक्टर नकळत आपल्या धंद्याची कबुली देतो ती इथे.

चावण्याचा तपशील त्याने गाळला नाही, हे विशेष. अनेक लेखकांनी ते ‘भिजवून’ म्हणून उरकलं असतं. पण चावलेल्या धाग्याला लाळेने चिकटपणा येतो, आणि तो त्या कृतीचा भाग आहे. दोरीही तशीच: नाजूक शिरा चावून, पीळ देऊन, ओली असताना दोन काड्यांमध्ये ताणून थुंकीने गुळगुळीत केलेली. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जनावराच्या अंगातून निघालेली दोरी काय ताण घेते हे सांगायला नको.

जुनिपरच्या पाठीवर शिरांचा हा थर वाळला की सुकताना आकसतो, धनुष्याला उलटं खेचून ठेवतो, आणि ताणताना सगळी ओढ स्वतःवर घेतो. लाकडाकडे उरतो तो फक्त दाब. पोप हे कारण पंतोजीसारखं समजावत बसत नाही. पण त्याने पुढे 1923 साली लिहिलेल्या ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ या पुस्तकात यूबद्दल वाचलं की दोन्ही गोष्टी जुळतात. यूचं बाहेरचं पांढरं लाकूड ओढ सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब. एकाच काठीत दोन लाकडं निसर्गानेच चिकटवून दिलेली. (हिमालयात यूचा एक भाऊबंद आहे, गढवालात त्याला थुनेर म्हणतात.) इंग्रजाला जे झाडाने आयतं दिलं ते इशीने मासा, हरीण आणि जुनिपर एकत्र आणून जमवलं. दोघांच्या धनुष्यांची तुलना करून इंग्रजी धनुष्य थोर ठरवणं सोपं आहे. लांब फेक त्याचीच. पण 42 इंचांचं धनुष्य घेऊन झुडपांत दबा धरून बसता येतं, माणसाच्या उंचीचं घेऊन नाही.

अनोळखी लाकडाचा हा प्रश्न आणखी एका वाटेने सोडवता येतो. डेन्मार्कच्या होल्मगार्ड दलदलीत 1944 साली एल्म लाकडाची धनुष्यं निघाली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. त्यांवर शिरा नाहीत, सरस नाही. बाहू रुंद आणि चपटे आहेत, बस्स. ओढ आणि दाब दोन्ही जास्त रुंदीवर वाटून दिले की साधं लाकूडही टिकतं. यू आणि ओसेज ऑरेंज सोडून बाकी लाकडांना नाक मुरडणाऱ्या अमेरिकी धनुष्यकारांना पॉल कॉमस्टॉकने 1988 च्या ‘द बेंट स्टिक’मध्ये हेच पटवलं. कॉमस्टॉक जास्त उपयोगाचा लेखक आहे, हे खरं. धनुष्य करायला बसायचं तर त्यालाच शेजारी ठेवावं. वाचायला बसायचं तर पोप.

याचं कारण निबंधातला पुढचा परिच्छेद. धनुष्य तयार झालं, मुठीवर हरणाच्या कातड्याची वादी गुंडाळून झाली, आणि आता पोप इशीचं म्हणणं सांगतो, त्याच सुरात, जाडी-रुंदी सांगितली त्याच. दोरी चढवून ठेवलेलं किंवा उभं ठेवलेलं धनुष्य दमतं, त्याला घाम येतो. काम नसेल तेव्हा ते आडवं निजवावं. ते कुणी ओलांडू नये, पोराच्या हाती देऊ नये, बाईने त्याला शिवू नये. नाहीतर बाण वाकडे जातात. मग वाळू आणि पाण्याने ते धुवावं लागतं. पोप इथे डोळा मारत नाही. अर्ध्या इंचाचं माप आणि धनुष्याचा थकवा त्याने एकाच वहीत, एकाच शाईने टिपला आहे, आणि माझ्या मते या निबंधाचं सगळं यश त्यात आहे. थकवा खोटाही नाही. चढवून ठेवलेलं लाकूड हळूहळू वाकाला सरावतं आणि जोर घालवतं, आणि सरसाला दमट हवा लागली की तो खरोखर ओलसर होतो. बायकांच्या विटाळाची गोष्ट वेगळी. ती वाचताना आपल्या अंगणातल्या कितीतरी गोष्टी आठवल्या, आणि इशी काही आपल्यापेक्षा फार निराळा नव्हता असं वाटलं.

पोपही सगळीकडे असा निर्मळ नाही. इतरत्र तो त्याच्या काळातल्या गोऱ्या माणसासारखं बोलतो, रानटी हा शब्द सहज वापरतो, मोठेपणाने पाठ थोपटतो. धनुष्यापाशी आला की मात्र तो शिष्य होतो.

शहरात इशीने आणखी काही अनोळखी वस्तू आपल्याशा केल्या, आणि त्या तपशिलांत एक हळुवार गंमत आहे. बाटल्यांच्या काचेतून तो बाणांची पाती फोडून काढी. रानात त्याने धनुष्याला कधी तेल-चरबी लावली नसावी, प्यूमाच्या शेपटीच्या कातड्याची गवसणी हेच त्याचं रक्षण; इथे मात्र तो सरस दमट होऊ नये म्हणून लाखेचा हात देऊ लागला. त्या काळी जगाला लाख जाई ती मुख्यतः हिंदुस्थानातून. म्हणजे पळस, बोर, कुसुमाच्या डहाळीवर चिकटलेलं आपलं काहीतरी त्या शेवटच्या याहीच्या धनुष्यावर चढलं होतं. याचा अर्थ काही नाही, पण वाचताना हात थांबतो खरा.

शेवटी आवाज. चांगलं धनुष्य कोणतं, याची इशीची परीक्षा कानाची होती: दोरी चढवून तिच्यावर बाणाने टिचकी मारली तर सूर निघाला पाहिजे. धनुष्याचं एक टोक उघड्या तोंडाच्या कोपऱ्याशी धरून तो त्याच दोरीवर गाणंही वाजवी. मराठीला या आवाजासाठी ‘टणत्कार’ हा शब्द आहे, पण आपण तो रामायण-महाभारतातल्या गर्जनेसाठी राखून ठेवला. इशीचा टणत्कार हळू आहे, शिकाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात घुमणारा. लाकूड जुनिपरचं असो की आणखी कशाचं, धनुष्य झालं की नाही हे तो असंच ठरवी.

25 मार्च 1916 रोजी इशी क्षयाने गेला. निबंध छापून यायला अजून दोन वर्षं होती. शवपेटीत त्याच्याबरोबर ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, तंबाखू, शिंपल्यांच्या मण्यांचं नाणं, एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते.