शेवट हरवलेल्या मालिका

15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झाली आणि मराठी घरांतली संध्याकाळ बदलली. दूरदर्शनने ‘चिमणराव’, ‘गजरा’ अशा कार्यक्रमांवर प्रेक्षक घडवला होता, ‘दामिनी’ने रोजच्या मालिकेची सवयही लावली होती. पण आपल्या भाषेतली, आपल्या घरातल्या माणसांसारखी बोलणारी माणसं इतक्या सातत्याने पहिल्यांदा दिसली ती या वाहिनीवर. 2005 मध्ये तिचं नाव झी मराठी झालं. नाव बदललं तरी जीव जडलेलाच राहिला. म्हणूनच आज तिच्याबद्दल तक्रारीच्या सुरात लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

सुरुवातीच्या त्या दिवसांत वाहिनीने काय दिलं हे आधी सांगायला हवं, कारण आजची निराशा त्याच मापाने मोजली जाते. विनय आपटे यांची ‘आभाळमाया’ घ्या. सुधा जोशी ही शिकलेली, शिकवणारी बाई. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री येते तेव्हा ती कोलमडते, पण मालिका तिला रडत बसवत नाही. नोकरी, मुली, नातेवाईक, स्वतःचा आब हे सगळं सांभाळताना ती कशी बदलत जाते, हा त्या मालिकेचा खरा विषय होता. सुकन्या कुलकर्णींनी ती इतकी संयमाने केली की पुढच्या वाक्याआधी त्या थांबल्या तरी प्रेक्षकाला कळायचं, बाई आता काय ठरवतेय. प्रतिमा कुलकर्णींच्या ‘प्रपंच’मध्ये तर एकत्र कुटुंब असूनही खलनायक नव्हता. तिथल्या वादांना दोन्ही बाजू असायच्या. सुधीर जोशींचा म्हातारा हट्टी होता आणि तरी चुकीचा वाटत नव्हता. असं पात्र लिहायला लेखकाकडे वेळ लागतो आणि वाहिनीकडे धीर.

त्याच काळात ‘पिंपळपान’मधून मराठी साहित्य पडद्यावर आलं. स्नेहलता दसनूरकरांच्या कादंबरीवर ‘अवंतिका’ उभी राहिली. ‘नक्षत्रांचे देणे’ने कवी-संगीतकारांना घराघरांत नेलं. पुढे 2007 मध्ये सतीश राजवाडे दिग्दर्शित आणि चिन्मय मांडलेकर लिखित ‘असंभव’ आली. पुनर्जन्मासारखा घासून गुळगुळीत झालेला विषय घेऊन त्यांनी दोन वर्षं प्रेक्षकाला खिळवून ठेवलं, आणि मुख्य म्हणजे गोष्ट संपवली.

शेवटासाठी लिहिलेल्या गोष्टीत प्रत्येक प्रसंग कुठे तरी नेत असतो. शेवट नसलेल्या गोष्टीत प्रत्येक प्रसंग फक्त उद्यापर्यंत पोचवायचा असतो. मराठी मालिकेचं आज जे काही बिघडलंय, ते जवळपास सगळं या एका फरकातून आलंय, असं माझं मत आहे.

आजचा एखादा अर्धा तास नीट पाहा. नियमाने तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, म्हणजे अर्ध्या तासात गोष्टीला साधारण चोवीस मिनिटं. त्यातली सुरुवातीची काल घडलेलं पुन्हा दाखवण्यात जातात, शेवटची उद्याची झलक दाखवण्यात. मधे एखादी बातमी घरात येते. बैठकीत दहा माणसं उभी असतात, आणि कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो. मोठी जाऊ, धाकटी जाऊ, आत्या, नोकर. प्रत्येकासाठी संगीताचा एक दणका. खलनायिकेसाठी तीन. दरम्यान कुणीही बोलत नाही, कुणी खुर्चीत बसतही नाही. दाराआड कुणी तरी ऐकत असतं आणि तिने नेमकं अर्धंच ऐकलेलं असतं. एका वाक्यात मिटणारा गैरसमज मग सहा आठवडे चालतो. स्वयंपाकघरात पैठणी नेसून, अंगभर दागिने घालून बाई कणीक मळत असते. असं घर मराठी मुलखात कुठे आहे?

यात दोष नटांचा नाही. ही मंडळी रंगभूमीवर तयार झालेली आहेत, शनिवार-रविवारी त्यांचं नाटक पाहावं म्हणजे कळतं. पण बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये रोजचा भाग काढायचा, प्रसंग त्याच सकाळी हातात पडणार, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली, अशा स्थितीत नट भूमिका करत नाही, ओळी पोचवतो. संवादलेखकाचं तर त्याहून वाईट. ट्रॅक कुठे वळणार हे दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे ठरवतात. आठवड्यातले पाच दिवस होते त्याचे सहा झाले, मग सात. जास्त दिवस मिळाले, पण सांगायची गोष्ट तेवढीच राहिली.

2015 मध्ये बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेची मोजणी आली आणि ग्रामीण प्रेक्षकही आकड्यांत धरला जाऊ लागला. हा बदल चांगलाच होता. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून मालिका बाहेर पडल्या. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापूरची तालीम आणि पैलवान आला, ‘लागिरं झालं जी’मध्ये साताऱ्याकडचं फौजी घर आलं. बोली कानाला गोड लागली. पैलवानाचं जगणं, त्याचा खुराक, कुस्तीचं अर्थकारण, फौजीच्या बायकोचं वाट पाहणं यावर किती तरी लिहिता आलं असतं. पण काही महिन्यांतच त्या पैलवानाची, राणादाची गोष्ट घरातल्या कारस्थानी वहिनीभोवती फिरू लागली. गाव बदललं, कथानक शहरातून तसंच उचलून आणलं गेलं.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ हे मला यातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. 2016 ला सुरू झालेली ही मालिका 2021 पर्यंत चालली. अनिता दातेंची राधिका नागपूरकडची, स्वतःच्या बोलीची लाज न बाळगणारी, मसाल्याच्या धंद्यात उभी राहणारी. ‘आभाळमाया’तल्या सुधाची ती नात्याने बहीणच. पण सुधाला जे मिळालं ते राधिकाला मिळालं नाही. तिचा प्रश्न सुटल्यावरही तिला सोडलं नाही. नवरा पुन्हा पुन्हा तोच डाव टाकत राहिला, ती पुन्हा पुन्हा तोच उलटवत राहिली, नवऱ्याच्या मैत्रिणीची, शनायाची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, धंदा कोटींच्या घरात गेला आणि एका खऱ्याखुऱ्या बाईचं हळूहळू कळसूत्री बाहुलीत रूपांतर झालं. मालिका लोकप्रिय होती हे खरं आहे. राधिकाचा प्रश्न सुटला तिथेच ती थांबवली असती तर लोकांनी आज तिचं नाव आदराने घेतलं असतं.

अलीकडे आणखी एक गोष्ट वाढली आहे, रीमेकची. झी मराठीवरची ‘पारू’ तेलुगू ‘मुद्द मंदारम’वरून आली, ‘लाखात एक आमचा दादा’ तमिळ ‘अण्णा’वरून, ‘सावळ्याची जणू सावली’ बंगाली ‘कृष्णकली’वरून. स्टार प्रवाहही याच वाटेवर आहे. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वर बेतलेली, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वर. दुसऱ्या भाषेतून घेण्याला माझा विरोध नाही, मराठी रंगभूमी तर रूपांतरांवरच वाढली. ‘आई कुठे काय करते’च्या पहिल्या वर्षात मुग्धा गोडबोले यांच्या संवादांनी नायिका अरुंधतीला अस्सल मराठी बाई केलं होतं, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण आयात केलेल्या गोष्टींत श्रीमंत घराणं, त्यातली करारी मालकीण, गरीब सोशीक मुलगी हा साचा सगळीकडे तोच असतो. तिथे नोकरी जात नाही, शेतमालाचा भाव पडत नाही, कुणी स्पर्धा परीक्षेत नापास होत नाही. जातीचा उल्लेखही होत नाही. ज्या भाषेत उद्धव शेळके, भाऊ पाध्ये, गौरी देशपांडे, शंकर पाटील यांनी लिहिलं, तिच्या मालिकेला गोष्टींसाठी बाहेर पाहावं लागावं, हे मला सहन होत नाही.

गोष्ट वेळेत संपवणं झी मराठीला जमत नाही असं मुळीच नाही. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली; लोक अजून तिची आठवण काढतात. रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ त्याच सुमाराची. 2015 ची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ एका घरात राहणाऱ्या तरुण मुलांची गोष्ट सांगून वर्षभराच्या आत निरोप घेऊन गेली. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व 2016 मध्येच आटोपलं, मग मागचा काळ सांगणारं दुसरं पर्व 2019 मध्ये आलं, आणि त्यातले अण्णा नाईक घरोघरी पोचले. म्हणजे पर्वापर्वाने सांगण्याचा मार्ग याच वाहिनीने करून पाहिलेला आहे, आणि तो चाललाही आहे.

‘लोकांना हेच आवडतं’ हे उत्तर दर वेळी मिळतं. रात्री आठ वाजता दुसरं काही लावलंच नाही तर लोकांना काय आवडतं ते आकड्यांतून कसं कळणार? आकडे फक्त दाखवलेल्यातली निवड सांगतात. ज्यांनी टीव्ही बंद केला आणि मोबाइलवर मल्याळम चित्रपट पाहायला सुरुवात केली, त्यांचं मत त्यात येत नाही. माझ्या ओळखीतली अशी घरं दर वर्षी वाढतायत.

वाहिनीकडे एकच मागणी आहे. सातही दिवसांच्या मालिका चालू द्या, त्यांचा प्रेक्षक आहे. पण आठवड्यातला एक तास बाजूला काढा. एखादी मराठी कादंबरी निवडा, एका लेखकाच्या हाती ती सोपवा, सव्वीस भाग ठरवा आणि शेवटच्या भागाची तारीख पहिल्या प्रोमोतच जाहीर करा. आकडे वाढले तरी ती तारीख पुढे ढकलू नका.