ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण : एक पाठचिकित्सक टिपण

कविता पुन्हा हाताळली म्हणजे ती सुधारते की बिघडते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा कवीच्या वहीपुरताच विचारला जातो. या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण मात्र दुसऱ्याच्या हातचे आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पैठण येथे शुद्धीकरण केले. आज आपण वर्गात जी ज्ञानेश्वरी शिकवितो, ती बव्हंशी या शोधित संहितेच्या परंपरेतील आहे.

एकनाथांची भूमिका समाप्तीच्या ओव्यांतून स्पष्ट होते. ग्रंथ मुळात शुद्धच होता. पाठांतरांमुळे त्यात अशुद्धे शिरली, ती आपण शोधून काढली, एवढाच त्यांचा दावा आहे. पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असा निर्बंधही तेथेच आहे. हा संयम सामान्य नव्हे. अकराच वर्षांपूर्वी, शके १४९५ मध्ये, वाराणसीस एकनाथी भागवत पूर्ण करणाऱ्या या कवीस ज्ञानेश्वरांची एखादी ओवी स्वतःच्या रीतीने सजविणे अवघड नव्हते. आळंदीस अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठास लागली होती व ती एकनाथांनी दूर केली, अशी कथा संप्रदायात सांगतात. पाठशोधनाचे इतके नेमके रूपक मला अन्यत्र आढळलेले नाही. मुळी काढावयाची, कंठास धक्का लावावयाचा नाही.

तथापि एकनाथांनी काय काढले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग त्यांनी ठेवला नाही. टाकलेले पाठ त्यांनी नोंदविले नाहीत. त्या काळी तशी रीतही नव्हती. येथे रिचर्ड बेंटलेची आठवण होते. १७३२ मध्ये या इंग्रज पंडिताने मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'ची आवृत्ती काढली. अंध कवीच्या काव्यात कोणा संपादकाने लुडबूड केली आहे, अशी कल्पना करून त्याने शेकडो दुरुस्त्या सुचविल्या. त्यांतील बहुतेक आज हास्यास्पद ठरल्या आहेत. परंतु त्याने मूळ संहिता तशीच छापली आणि आपल्या दुरुस्त्या समासात ठेवल्या. त्यामुळे त्याच्या अरसिकतेने मिल्टनचे काहीच गेले नाही. उलट एकनाथांची रसिकता निःसंशय असूनही त्यांच्या हातून जे गेले असेल, ते कायमचे गेले. संस्कार कवितेला तारक की मारक, याचा निर्णय संस्कर्त्याच्या रुचीइतकाच पूर्वीचा पाठ शिल्लक राहतो की नाही यावर अवलंबून असतो, असे मला वाटते.

भाषाभ्यासकाला ही हानी कोठे जाणवते, ते एका साध्या गोष्टीवरून दाखविता येईल. यादवकालीन मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा उकारान्त असे. 'देवु', 'लोकु' ही तिची रूपे. पुढे हा उकार लोपला. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा मोकळा. समजा, एका चरणाच्या अंती 'विचारु' आणि दुसऱ्याच्या अंती 'गुरु' आहे. लेखकूने सवयीने 'विचार' लिहिले की यमक तुटते आणि चूक कानाला कळते. तोच शब्द चरणाच्या मध्ये असेल, तर उकार गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून जुनी रूपे शोधताना मी विद्यार्थ्यांस चरणान्ताकडे प्रथम पाहावयास सांगतो. यमक हा त्या जागी उभा असलेला साक्षीदार आहे.

अर्थात हे सारे बदल एकनाथांच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. त्यांची संहिताही छापखान्यात येईपर्यंत अडीचशे वर्षांहून अधिक काळ नकलाकारांच्या हातांतून फिरली. शिवाय श्रोत्याच्या दृष्टीने तोटा किरकोळ आहे. ओवी अक्षरगणनेने जखडलेली नसल्यामुळे एखादा स्वर गळला तरी ती डगमगत नाही, आणि ओळखीची रूपे मिळाल्याने ती पारायणात नांदत राहिली.

१९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी वेगळी, अधिक आर्ष रूपांची ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिची पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते; तिच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. पाठ जुना म्हणून तो काव्यदृष्ट्या सरसही असलाच पाहिजे, हा राजवाड्यांच्या काही अभिमान्यांचा समज मला मान्य नाही. परंतु तेराव्या शतकातील रूपावली म्हणून सांप्रदायिक प्रतीतील उदाहरणे प्रबंधांत बिनदिक्कत दिली जातात, हे त्याहून घातक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पृष्ठाच्या तळाशी पाठभेद उभे आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओवीवर लिहिणाऱ्याने निदान दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात, आणि ज्या शब्दाच्या सौंदर्यावर तो परिच्छेद खर्च करीत आहे, तो शब्द दोहोंत आहे की नाही हे आधी पाहावे.