‘लागणे’ आणि ‘सुटणे’: हृद्रोगप्रतिबंधाच्या परिभाषेविषयी एक टिपण

वैद्यकाच्या भाषेविषयी बोलण्याचा अधिकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकास कितपत आहे, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. औषधाची योग्यायोग्यता ठरविणे हे आमचे काम नव्हे. परंतु औषध मिळण्यासाठी माणूस आधी आरोग्यकेंद्रात यावा लागतो, आणि त्याचे येणे ज्या अनेक गोष्टींवर अवलंबून असते त्यांत शब्दांचाही काही वाटा असतो. प्रस्तुत टिपणात तेवढ्याच वाट्याची तपासणी करावयाची आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. विल्यम कॅनेल व त्यांचे सहकारी यांनी तिच्या आधारे १९६१ साली लिहिलेल्या निबंधापासून ‘रिस्क फॅक्टर’ ही संज्ञा वैद्यकात दृढ झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना तीत स्थान मिळाले. या संज्ञेमागील कल्पना खरोखर नवीन होती. आज ज्याची काहीही तक्रार नाही, असा माणूसही वैद्याच्या चिंतेचा विषय होऊ शकतो, असे ती सांगत होती.

मराठीत या संज्ञेसाठी ‘जोखीम घटक’ हा शब्द योजला जातो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला तरी अर्थदृष्ट्या समाधानकारक नाही. मराठीत जोखीम ‘घेतली’, ‘पत्करली’ किंवा ‘उचलली’ जाते. म्हणजे तिला जाणूनबुजून कृती करणारा कर्ता लागतो. तंबाखूच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. पण वय आणि आनुवंशिकता कोणी पत्करलेली नसते. उलट रोगाविषयी बोलताना आपण ‘मला दमा आहे’, ‘त्याला ताप आला’ अशी चतुर्थीची रचना करतो. तेथे मनुष्य कर्ता नसून भोक्ता असतो. नव्या संज्ञेने भोक्त्याला कर्ता बनविले आणि नकळत दोषीही ठरविले.

तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जी ‘सीबॅक’ नामक प्रश्नावली भरतात, तीत वय, तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातील रोग यांना गुण दिलेले आहेत. चारांहून अधिक गुण झाल्यास तपासणीस प्राधान्य मिळते. योजना उत्तम आहे; परंतु ज्या समाजात अधिक गुण मिळणे हे यशाचे लक्षण मानले जाते, तेथे ‘तुम्हाला पाच गुण पडले’ या वाक्याचा बोध काय होणार, याचा विचार व्हावयास हवा होता.

याहून गंभीर अडचण उपचार सुरू झाल्यावर येते. लोक ‘रक्तदाब वाढला आहे’ असे क्वचितच म्हणतात. ‘मला बीपी आहे’ असे म्हणतात. एका मापाचे नाव येथे रोगाचे नाव झाले आहे. हा अर्थसंकोच निरुपद्रवी आहे. उपद्रवी आहे ते पुढचे वाक्य: ‘एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही.’ ‘लागणे’ आणि ‘सुटणे’ ही क्रियापदांची जोडी मराठीत व्यसनाची आहे. तंबाखू लागते, दारू सुटत नाही. तीच जोडी गोळीला लावली, की औषध हेच बंधन ठरते आणि दाब उतरताच गोळी बंद करणे हा पुरुषार्थ वाटू लागतो.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. वेल्समधील खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली दाखवून दिले, की ज्यांना सेवेची गरज अधिक त्यांनाच ती कमी लाभते. केंद्रात गोळ्याच नसतील किंवा तेथे जाण्याने दिवसाची मजुरी बुडत असेल, तर निर्दोष परिभाषेचा उपयोग शून्य. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांचा पाठपुरावा यांवर भर दिला, तो याचसाठी योग्य होय. भाषेचा दोष दारिद्र्याच्या दोषाची जागा घेऊ शकत नाही.

तथापि पाठपुरावा करावयाचा म्हणजे बोलावयाचेच असते, आणि तेथे नवे शब्द घडविण्याची गरज नाही. ‘लागणे’ याच क्रियापदाचा दुसरा प्रयोग मराठीत पूर्वीपासून आहे: ‘चष्मा लागला.’ चष्मा लागलेल्यास कोणी व्यसनी म्हणत नाही. आणि चष्म्याने नीट दिसू लागले म्हणून तो कोणी काढून ठेवत नाही. दिसते ते चष्मा आहे म्हणून, हे सर्वांस ठाऊक असते. दाब आटोक्यात आहे तो गोळी चालू आहे म्हणून, हे समजावताना परिभाषाकाराच्या कोशापेक्षा हे घरगुती वाक्यच अधिक कामास येईल. परिभाषा घडविणाऱ्यांनी आधी लोकांची क्रियापदे ऐकावीत, इतकीच या टिपणाची सूचना आहे.