कोरलेली साक्ष

तरुणांसाठी कलाशिबिर भरविले की त्याचे यश आपण बहुधा समारोपाच्या प्रदर्शनावरून ठरवितो. भिंतीवर किती चित्रे लागली, पाहुण्यांनी किती वाखाणणी केली, यापलीकडे आपली चिकित्सा जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्ट येथील कलाकेंद्राकडे पाहिले की हे माप किती तोकडे आहे ते ध्यानी येते.

लुथरन ख्रिस्तसभेच्या आश्रयाने पेडर व उल्ला गोवेनिउस या स्वीडिश दांपत्याने १९६२ साली हे कार्य आरंभिले. रुग्णालयांतील रुग्णांना हस्तकला शिकवू शकतील अशी माणसे घडविणे, हा मूळ हेतू. पुढल्या वर्षी केंद्र रोर्क्स ड्रिफ्टला आले आणि १९६८ मध्ये तेथे ललितकलेची शाळा सुरू झाली. वर्णद्वेषी राजवटीत कृष्णवर्णीय तरुणांना कलाशिक्षणाची दारे जवळजवळ बंदच होती. या शाळेचे मोल त्यामुळेच.

साधने अगदी साधी: लिनोलियमचा तुकडा, कोरणी, काळी शाई. कोरलेला भाग छापात पांढरा उमटतो आणि एकदा बसलेला घाव मागे घेता येत नाही. अझारिया म्बाथा यांच्या योसेफाच्या कथेत ही मर्यादाच सामर्थ्य झाली आहे. कथा चौकटीचौकटींतून उलगडते. योसेफ आणि त्याचे बंधू आफ्रिकन चेहरे घेऊन येतात. आपल्याच भावांनी विकलेला, परमुलखात नेलेला माणूस ही त्या भूमीत निव्वळ जुन्या करारातील गोष्ट उरत नाही. नामिबियात वाढलेले जॉन मुआफांगेजो चित्रातच वाक्ये कोरीत. त्यांची इंग्रजी व्याकरणाला जुमानीत नाही. पण ती शुद्ध केली असती, तर त्यांचा आवाजच हरवला असता. चांगल्या शिक्षकाला कोठे थांबावे हे कळते, याचा हा दाखला आहे.

तरीही कौतुकात एक उणीव नोंदवावीच लागेल. मुद्राचित्रे करणाऱ्या पुरुषांची नावे जगाला ठाऊक झाली. त्याच केंद्रात भव्य विणचित्रे साकारणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र फारशी कोणाच्या ओठी नाहीत. ॲलिना एन्देबेले यांनी पुढे स्वतःची विणशाळा उभारली व लोककथा धाग्यांत गुंफल्या. ‘कारागीर’ आणि ‘कलावंत’ ही आपण आखलेली सीमारेषा किती अन्यायाची असू शकते, हे त्यांचे काम बजावते.

ललितकलेची ती शाळा १९८२ मध्ये बंद पडली. संस्था मिटतात, हात मात्र शिकलेले राहतात. आपल्या धर्मग्रामांतील शिबिराच्या आयोजकांनी म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारावा: समारोपाच्या दिवशी भिंतीवर लागलेले चित्र त्या मुलाचे आहे, की त्याच्या हातून उतरलेले आपलेच?