‘प्रज्ञाचक्षू’ या शब्दाचा मोह

दृष्टी गमावलेल्या कलावंताविषयी लिहिताना आपल्या टीकाकारांच्या हाती ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्द आयताच लागतो. शब्द भारदस्त खरा. परंतु तो उच्चारला की पुढील विचार बहुधा खुंटतो. चर्मचक्षू मिटले, अंतश्चक्षू उघडले. झाला हिशेब पुरा! बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांच्या कलाकृतींपुढे मात्र हा हिशेब जमत नाही.

त्यांचा एक डोळा जन्मापासून निकामी व दुसरा अधू होता. तरीही शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर त्यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगविले. ओल्या गिलाव्यावरचे हे काम. गिलावा सुकण्याच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा व्हावा लागतो. दूर उभे राहून सारी भिंत एका दृष्टिक्षेपात घेणे ज्याला शक्य नाही, त्याने ती जवळून, तुकड्यातुकड्याने पुढे नेली. आकृतीतून आकृती निघत जाणारा त्या चित्राचा प्रवाह या मर्यादेतूनच आला असावा, असे मला वाटते. त्या संतमेळ्यात सूरदासही आहेत.

पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निष्फळ ठरून उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी काय केले? रंगांच्या आठवणी उगाळीत ते बसले नाहीत. त्यांनी माध्यम बदलले. कापलेल्या कागदाला कड असते, घडीला धार असते, आणि ती बोटांना कळते. कागदाच्या घड्यांतून साधलेल्या आकृतींवरून पुढे कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचे चित्र उभे राहिले. आंधळेपणाचा स्वीकार तो हा. त्यात नवी शक्ती लाभल्याचा चमत्कार नाही, कारागिराचा व्यवहार आहे. या उत्तरकालीन कृती सर्वच हिंदी भवनाच्या तोलाच्या आहेत, असे मी म्हणणार नाही; केवळ अंधाच्या म्हणून त्यांची स्तुती करणे हा त्या कलावंताचा अवमानच होय.

त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी त्यांच्यावर १९७२ मध्ये लघुपट काढला. ‘द इनर आय’ हे त्याचे नाव आपल्या जुन्या शब्दाचेच भावंड आहे. परंतु लक्षात राहतात ते चित्रकाराचे हात.

आपल्याकडे गुलाबराव महाराजांच्या (१८८१–१९१५) वाट्यालाही हीच पदवी आली. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घेतले, स्मरणात साठविले, आणि एवढी विपुल ग्रंथरचना केली. ती वाचणारे कोण ते आपल्याला फारसे आठवत नाहीत.