चांगला माल, बंद दुकान

‘अगं, गूगल कर ना!’ हे वाक्य आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात निदान दहा वेळा तरी ऐकू येतं. उकडीच्या मोदकाचं प्रमाण असो, मुंजीचा मुहूर्त असो की लेकीच्या कॉलेजची फी. एका कंपनीचं नाव आपल्या बोलण्यात क्रियापद होऊन बसलंय. अशा धंद्यात दुसऱ्याने उतरायचं ठरवलं, तर काय होतं? आज त्याचंच एक परीक्षण लिहितो आहे. फक्त ज्या वस्तूचं परीक्षण आहे, ती आता बाजारात मिळत नाही.

तिचं नाव नीव्हा. गूगलचा जाहिरातींचा सगळा कारभार ज्यांनी सांभाळला, त्या श्रीधर रामस्वामींनी २०१९ साली विवेक रघुनाथन यांच्याबरोबर ही कंपनी काढली. कल्पना साधी होती. जाहिरात एकही नाही, तुमच्या माहितीची विक्री नाही. त्याऐवजी महिना सुमारे पाच डॉलर वर्गणी. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेत सेवा सुरू झाली आणि २०२३ च्या जूनमध्ये बंद पडली. कंपनी स्नोफ्लेकने विकत घेतली आणि पुढे रामस्वामी तिथेच मुख्याधिकारी झाले.

मी नीव्हा काही महिने वापरलं. पान स्वच्छ असायचं. ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात लिहिलेल्या चार ओळी ओलांडून खाली यावं लागत नसे. २०२३ च्या जानेवारीपासून तर प्रश्नाला थेट उत्तर आणि त्याखाली ते कुठून घेतलं, याचे दाखलेही मिळू लागले. हे काम वाखाणण्यासारखंच होतं.

मग दुकान बंद का झालं? ‘माल चांगला नसेल’ हे आपलं नेहमीचं उत्तर. ते २००८ साली आलेल्या कूल या इंजिनाला लागू पडतं. गूगलमधून बाहेर पडलेली माणसं, गुंतवणूकदारांचे तीन कोटींहून जास्त डॉलर आणि १२० अब्ज पानं धुंडाळतो असा दावा. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि एकाच्या माहितीशेजारी दुसऱ्याचाच फोटो दिसू लागला. २०१० मध्ये ते संपलं. पानं किती यापेक्षा त्यातलं नेमकं कोणतं वर आणायचं, हे शहाणपण महत्त्वाचं असतं. कूलकडे ते नव्हतं. नीव्हाकडे बऱ्यापैकी होतं, तरीही तेही टिकलं नाही.

माझ्या मते नीव्हाच्या दोन चुका झाल्या. पहिली, ते गूगलच्या तोडीचं होतं. पण नुसतं तोडीचं असून भागत नाही. १९९८ मध्ये गूगल आलं तेव्हा अल्टाव्हिस्टाच्या तुलनेत फरक पहिल्याच शोधात कळायचा. तेव्हा गूगलचा पहिला नमुना जेमतेम २ कोटी ४० लाख पानांचा होता. आज ती उडी मारणं फार कठीण. लोक जितके जास्त शोधतात, तितकं इंजिनाला कळतं की कोणत्या उत्तरावर माणूस थांबला. म्हणून मोठा आणखी मोठा होतो. शिवाय अनेक संकेतस्थळं अनोळखी इंजिनाला दारातच अडवतात. दुसरी चूक, पाच डॉलरची तुलना माणूस जाहिरातींच्या त्रासाशी करत नाही, फुकटाशी करतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागणारे आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको!

पण सगळा दोष नीव्हाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. इंजिन बांधण्यापेक्षा लोकांना सवय बदलायला लावणं अवघड गेलं, असं संस्थापकांनीच बंद करताना लिहिलं. त्या सवयीमागे पैसा आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपणच बसलेले असावं, यासाठी गूगलने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून अधिक मोजले होते. मायक्रोसॉफ्टने वीस वर्षांत जवळपास १०० अब्ज डॉलर ओतूनही अमेरिकेत बिंगच्या वाट्याला सहा टक्क्यांच्या आसपासच शोध आले. तिथे नीव्हाचा काय पाड लागणार? सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने एकाधिकाराचे करार करायला मनाई केली आणि काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितलं. क्रोम मात्र गूगलकडेच राहिलं.

माझं तरी काय झालं? नवा लॅपटॉप आला, त्यात जे आधीपासून होतं तेच वापरत राहिलो. नीव्हाची तोंडभर स्तुती करणारा मी, बदलायला लागणारी दोन मिनिटं काढू शकलो नाही. त्यामुळे या परीक्षणात मीही आरोपी आहे.

‘आपल्याला काय फरक पडतो?’ असं कुणी म्हणेल. आपल्यालाच जास्त पडतो. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याची’, ‘पाण्यातून’ हेही सापडायला हवं. मराठीसाठी ही मेहनत वेगळी करावी लागते. एके काळी अनेक मराठी वर्तमानपत्रं आपापल्या फॉन्टमध्ये होती आणि शोधणाऱ्या यंत्राला ती नुसती अगम्य अक्षरं दिसत. युनिकोडने ते दार उघडलं. पण दुकान एकच असेल, तर थोड्या गिऱ्हाइकांच्या मालासाठी दुकानदार किती घाई करणार? शिवाय जाहिरातीवर जगणारं इंजिन जाहिरातदाराकडे झुकेल, हा इशारा गूगलच्या संस्थापकांनीच १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात दिला होता.

आता लोक थेट एआयला प्रश्न विचारू लागलेत, त्यामुळे मैदान पुन्हा थोडं मोकळं झालंय. तेव्हा मंडळी, या सुट्टीत एक करा. मुलांना बरोबर घेऊन एकच मराठी प्रश्न तीन ठिकाणी विचारा आणि उत्तरं शेजारी ठेवून बघा. ‘आई, हे वेगळं का सांगतात?’ असं त्यांनी विचारलं, तर समजा की नीव्हाचे कष्ट अगदीच वाया गेले नाहीत.